जागा न सोडणारे मृत: उत्तरेतील भय आणि हास्य यांची जुनी सोयरीक

नॉर्स लोकांच्या पुराणकथा घ्याव्यात, त्यांत झॉम्बी सोडून द्यावेत आणि प्रेक्षकाला एकाच वेळी दचकवणारी व हसवणारी पटकथा सिद्ध करावी, ही कल्पना प्रथमदर्शनी भेसळीची वाटते. एकीकडे ओडिन, थोर, लोकी आणि विश्वाच्या अंताचे ते भव्य चित्र. दुसरीकडे हैती बेटावरील उसाच्या मळ्यांतून निघून अमेरिकन बोलपटांत शिरलेले, तोंड वासून चालणारे प्रेत. या दोहोंचा सांधा जुळावा कसा? पटकथालेखनाच्या व्यवसायात असले सांधे रोज जुळवले जातात आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे टाके उघडे दिसतात. परंतु या एका बाबतीत प्रकरण निराळे आहे. नॉर्स जगाला चालती प्रेते बाहेरून आणावी लागत नाहीत. ती त्याच्या घरचीच आहेत, आणि त्यांना पाहून एकाच दमात भिण्याची व हसण्याची रीतही तिथे सातशे वर्षांहून जुनी आहे. त्या घरच्या प्रेतांचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजले आहे. तो वाचताना एक भेद ध्यानी असू द्यावा. झॉम्बी म्हणजे सर्वस्व हिरावून घेतला गेलेला मृत. आणि उत्तरेचा ‘ड्राउगर’ म्हणजे आपले काहीच सोडायला तयार नसलेला मृत.

झॉम्बीची कुळकथा थोडक्यात सांगून टाकू. हैती ही १८०४ पूर्वी फ्रान्सची सें-दोमिंग नावाची वसाहत होती. तिथली साखर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर पिकत असे. मेल्यावर आपण पूर्वजांच्या भूमीत, आफ्रिकेत, परत जाऊ, अशी त्या गुलामांची श्रद्धा होती; मरण हीच काय ती सुटका. ती सुटकाही ज्याच्या नशिबी नाही, ज्याला मांत्रिक थडग्यातून उठवतो आणि पुन्हा मळ्यात राबवतो, तो झॉम्बी. हैतीच्या शेतकऱ्याला झॉम्बीचे भय वाटे, ते तो आपल्याला चावेल म्हणून नव्हते. आपणच झॉम्बी होऊ, या विचाराने त्याचा थरकाप होई. पुढे १९१५ ते १९३४ या काळात हैती अमेरिकन फौजांच्या ताब्यात होते. त्या अवधीत, १९२९ साली, विल्यम सीब्रुक या प्रवासी लेखकाचे ‘द मॅजिक आयलंड’ हे पुस्तक निघाले, आणि त्यापाठोपाठ १९३२ साली ‘व्हाइट झॉम्बी’ हा बोलपट आला. १९६८ साली जॉर्ज रोमेरो याने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. त्यात ‘झॉम्बी’ हा शब्द कुठेही उच्चारला जात नाही, तरी आजच्या झॉम्बीचा जनक तोच चित्रपट. मळ्याचा मालक गेला, मांत्रिकही गेला; उरली ती भूक आणि झुंड. मग त्या झुंडीवर हसणेही आलेच: इंग्लंडात २००४ साली ‘शॉन ऑफ द डेड’ निघाला, आपल्याकडे २०१३ साली ‘गो गोवा गॉन’ने गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर प्रेते नाचवली आणि २०२२ साली ‘झोंबिवली’ने ती डोंबिवलीच्या वसाहतींत शिरवली. ‘झोंबिवली’चे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी दोनच वर्षांनी ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट काढावा, परक्या भुताकडून घरच्या पिंपळाकडे वळावे, ही गोष्ट आम्हांला सूचक वाटते. उत्तरेतल्या लेखकांनाही तोच पिंपळ सापडलेला आहे. मात्र तो कुठे उभा आहे हे नीट पाहिले पाहिजे.

नॉर्स वाङ्मयाचे दोन मोठे प्रवाह आहेत. पहिला देवकथांचा. तो जुन्या काव्यांचा संग्रह असलेल्या एड्डात आणि स्नोरी स्टुर्लुसन या आइसलंडी पंडिताने १२२० च्या सुमारास रचलेल्या गद्य एड्डात आढळतो. दुसरा प्रवाह सागांचा. सागा म्हणजे आइसलंडमध्ये वस्ती करणाऱ्या कुटुंबांच्या गद्य हकिकती. घटना नवव्या ते अकराव्या शतकातल्या, लेखन तेराव्या-चौदाव्या शतकातले, आणि लेखकांची नावे बहुधा अज्ञात. पटकथालेखक धावतो तो पहिल्या प्रवाहाकडे, कारण तिथे हातोडा आहे, लांडगा आहे, समुद्रात वेढा घालून बसलेला महासर्प आहे. चालती प्रेते मात्र मुख्यतः दुसऱ्या प्रवाहात वाहत येतात. तिथे देव क्वचित दिसतात. तिथे असतात शेतकरी, गडी, मेंढपाळ, गवताच्या गंजी, सुक्या मासळीचे ढीग, हद्दीचे तंटे आणि कोर्टकचेऱ्या.

अशा जगात ड्राउगर वावरतो. त्याला आणखीही नावे आहेत: ‘आप्टरगांगा’, म्हणजे परत चालत येणारा, आणि ‘हौगबुई’, म्हणजे थडग्याच्या टेकाडात नांदणारा. तो धुरासारखा विरळ नाही, भिंतीतून आरपार जात नाही. त्याला देह आहे, आणि तो देह जिवंतपणी होता त्याहून जड व फुगलेला आहे, रंग काळानिळा. त्याच्याशी झुंजायचे म्हणजे अंगाला अंग भिडवूनच. त्याला निकालात काढण्याची रीतही देहाचीच: डोके तोडून ते त्याच्याच मांड्यांशी ठेवायचे, धड जाळायचे आणि राख कुणाच्या पायांखाली येणार नाही अशी विल्हेवाट लावायची. आपल्या वाचकांना इथे वेताळ आठवेल. संस्कृत कथांतला वेताळ प्रेतात शिरून बोलतो; गोव्यात आमोण्याला, लोलयेला तोच बेताळ होऊन ग्रामदेव म्हणून पुजला जातो. परंतु कथेतल्या वेताळाला प्रेत हे भाड्याचे घर असते, आज हे तर उद्या दुसरे. ड्राउगर भाडेकरू नाही. तो त्या देहाचा मूळ मालक आहे. त्याच्याशी अधिक जवळचे नाते सांगता येईल ते पुरलेल्या धनावर बसणाऱ्या आपल्या समंधाचे.

धनाची गोष्ट केवळ कथेतली नव्हे. उत्तरेतल्या श्रीमंतांना जहाज, घोडे, शस्त्रे आणि घरसंसार यांसह टेकाडाखाली पुरत असत. नॉर्वेतील ओसेबर्ग येथे १९०४ साली उकरलेले जहाज इसवी सन ८३४ मध्ये पुरले गेले होते. उत्खनन झाले तेव्हा दिसले की, ते टेकाड आपल्याआधीच कुणीतरी फोडलेले आहे. फोडणारे आपली लाकडी फावडी मागे टाकून गेले होते. लाकडाच्या वर्षवलयांवरून ती दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली ठरली. पूर्वजाच्या टेकाडात रात्री कुदळ घालणारी माणसे खरोखर होती. ती काळोखात कशाला भीत असतील, हे सागा सांगतात.

‘लाक्सडेला सागा’त ह्राप नावाचा एक भांडखोर शेतकरी आहे. मरताना तो बायकोला बजावतो की, मला चुलीच्या दालनाच्या दारात उभाच्या उभा पुरा, म्हणजे घरावर माझी नजर राहील. बायकोला नाही म्हणण्याची छाती होत नाही. ह्राप उंबऱ्याखाली उभा पुरला जातो, आणि मग उठून घरातल्या बहुतेक गड्यांचा प्राण घेतो. ‘ग्रेटिस सागा’तला कार हा म्हातारा त्याच्याहून व्यवहारी. तो मेल्यावर नॉर्वेजवळच्या एका बेटावर इतका हिंडू लागतो की, एकेक शेतकरी जमीन सोडून पळतो. आणि शेवटी सगळे बेट त्याच्या मुलाच्या, थोरफिनच्या, मालकीचे होते. थोरफिनच्या आश्रितांना मात्र हा म्हातारा काही त्रास देत नाही! जमीन बळकावण्याच्या नाना युक्त्या आपण ऐकलेल्या आहेत. वडिलांच्या प्रेताकरवी शेजारी हुसकावण्याची ही युक्ती सागाकार जमाखर्च लिहावा तशा कोरड्या भाषेत नोंदवतो. हा कोरडेपणाच सागांच्या विनोदाचे मूळ आहे. लेखक हसत नाही, डोळा मिचकावत नाही. घटना मांडतो आणि पुढे जातो.

या कलेचा कळस पाहायचा तर ‘एयरबिग्या सागा’ उघडली पाहिजे. तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात चालत्या मृतांची दोन प्रकरणे आहेत. पहिले थोरोल्फ या लंगड्या, खत्रूड म्हाताऱ्याचे. मुलाशी भांडून तो घरी येतो, आपल्या आसनावर बसतो, न जेवता तसाच बसून राहतो आणि बसल्या जागीच मरतो. मुलगा त्याच्या पाठीमागून जातो, कारण त्या डोळ्यांसमोर जाण्यात धोका आहे. तो त्याच्या डोक्याभोवती कापड गुंडाळतो, पाठीमागची भिंत फोडून तिथूनच प्रेत बाहेर काढतो, म्हणजे त्याला परतीची वाट सापडू नये. ती सापडतेच. गुरे पिसाळतात, मेंढपाळ काळाठिक्कर होऊन मरून पडलेला आढळतो, आणि जे जे मरतात ते थोरोल्फच्या टोळीत सामील होतात. त्याला दूर एका समुद्रकड्यावर नेऊन पुरतात आणि त्यामागे उंच भिंत घालतात. मुलगा जिवंत आहे तोवर म्हातारा गप्प राहतो. पुढे पुन्हा उठतो, तेव्हा एक शेजारी त्याला उकरून किनाऱ्यावर जाळतो. प्रकरण मिटले असे वाटावे, तोच एक गाय येऊन त्या राखेने माखलेले दगड चाटते. तिला पुढे एक देखणे, अवाढव्य खोंड होते, आणि ते खोंड त्याच शेजाऱ्याला शिंगावर घेऊन मारते. सूड इतका लांबचा वळसा घालून, गाईच्या जिभेवरून येईल, हे कुणाच्या ध्यानी येणार? वाचक हसतो आणि हसता हसता त्याला कसेसेच होते.

दुसरे प्रकरण फ्रोडा या शेतवाडीचे. आमच्या मते जगातल्या विनोदी भयकथांत याच्या तोडीचे थोडेच सापडेल, म्हणून त्याचा विस्तार केल्यावाचून राहवत नाही. आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्या वर्षी, म्हणजे १००० च्या सुमारास, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांची थोरगुन्ना नावाची एक धिप्पाड, अबोल बाई फ्रोडा येथे उतरते. तिच्यापाशी इंग्लंडी चादरी, रेशमी रजई आणि पडदे असलेले असे अंथरूण आहे की, घरधनीण थुरिदची नजर त्यावरून हलत नाही. थोरगुन्ना आजारी पडते. मरणापूर्वी ती सांगून ठेवते की, हे अंथरूण जाळून टाका. मला लोभ म्हणून सांगत नाही, न जाळल्यास लोकांना त्रास होईल. नवरा जाळायला निघतो आणि थुरिद त्याच्या गळ्यात पडून रजई, चादरी व पडदे वाचवते. पुढे जे जे घडते त्याचे कारण हे एवढेच: एका बाईला पाहुणीची रजई आवडली.

थोरगुन्नाचे प्रेत दफनासाठी दूर न्यायचे असते. वाटेत एका घरी ओझेकरी मुक्काम मागतात. तिथला मालक जागा देतो, जेवण देत नाही. रात्री कोठीत खडखडाट होतो. पाहतात तो काय, एक उंच स्त्री अंगावर चिंधीही नसताना स्वयंपाक करते आहे. थोरगुन्ना स्वतःच्या प्रेतयात्रेतल्या माणसांना पान वाढते आणि परत जाऊन निजते. घरमालकाची वाचा जाते. मग मात्र तो पाहुण्यांना हवे ते देऊ करतो. माणसे त्या अन्नावर क्रुसाची खूण करतात, घरमालक घरभर पवित्र पाणी शिंपडतो, आणि माणसे पोटभर जेवतात. कुणाला काही बाधत नाही.

इकडे फ्रोडाला भिंतीवर अर्धचंद्रासारखे काहीतरी उमटून उलटे फिरू लागते. मेंढपाळ मरतो, त्याच्याशी रात्री दारात गाठ पडलेला थोरिर मरतो, आणखी चौघे मरतात, आणि मेलेले दोघे जोडीने हिंडू लागतात. एका संध्याकाळी चुलीजवळच्या जमिनीतून सीलचे डोके वर येते. मोलकरीण दांडक्याने हाणते, तर प्रत्येक घावासरशी ते अधिकच वर येते आणि थोरगुन्नाच्या अंथरुणाकडे टक लावून पाहते. अखेर घरातला कोवळा मुलगा क्यार्तान मोठा हातोडा घेतो आणि खिळा ठोकावा तसे ते डोके ठोकठोकून जमिनीत घालतो. त्याच सुमारास घरधनी थोरोद पाच जणांसह सुकी मासळी आणायला गेलेला असतो; सहाही जण समुद्रात बुडतात. त्यांच्या उत्तरकार्याच्या मेजवानीला शेजारी जमतात आणि पहिल्याच रात्री ते सहा जण निथळत्या कपड्यांनी आत येऊन शेकोटीशी बसतात. लोक घाबरत नाहीत, उलट समाधान मानतात. बुडालेल्या माणसाने आपल्याच मेजवानीला यावे हे शुभचिन्ह. समुद्रदेवता रान हिने त्यांचे स्वागत केले असले पाहिजे, अशी जुनी समजूत. मेजवानी संपते, पाहुणे जातात. बुडालेले मात्र रोज येतात. पाठोपाठ थोरिर आणि त्याचे मातीने माखलेले पाच सोबतीही येऊ लागतात. एक टोळी कपडे पिळते, दुसरी माती झटकून पहिलीच्या अंगावर उडवते. जिवंत माणसे निमूट उठून दुसऱ्या दालनात वेगळी शेकोटी पेटवतात. सबंध नाताळ असा जातो. मग सुक्या मासळीच्या ढिगात एक शेपूट दिसू लागते. तिला धरून ओढणाऱ्यांच्या तळहातांची साले निघतात. शेवटी ढीग उपसून पाहतात तर मासळीची नुसती कातडी शिल्लक, आतले मांस नाहीसे झालेले. दुसरी साथ येते. फ्रोडाला तीस माणसे राबत होती. हिवाळा सरता सरता त्यांतली अठरा मेली, पाच पळाली आणि सात उरली.

या हिशेबात हसण्यासारखे काही नाही. अठरा माणसे मेली आहेत. इथे सागाकार जे करतो ते त्याच्या काळच्या किंवा आमच्या काळच्या दुसऱ्या कुठल्या लेखकाने केलेले आम्हांला ठाऊक नाही. क्यार्तान आपला मामा, स्नोरी हा पुढारी, याच्याकडे सल्ल्याला जातो. (हा स्नोरी वेगळा, एड्डा रचणारा स्नोरी त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला.) मामाचा सल्ला असा: अंथरूण जाळा, धर्मगुरूकडून विधी करून घ्या, आणि मृतांवर फिर्याद करा. खरोखरीची फिर्याद! घराच्या दाराशी न्यायासन मांडले जाते. विनापरवाना घरात वावरणे आणि माणसांचे जीव व आरोग्य हिरावणे, असे आरोप ठेवले जातात. साक्षी होतात, पंच नेमले जातात. देशाच्या न्यायसभेत जी पद्धत, तीच इथेही. एकेका मृताविरुद्ध निकाल दिला जातो आणि एकेक मृत शेकोटीपासून उठतो. थोरिर उठतो तो न्यायासन ज्या दाराशी नाही त्या दाराने निघून जातो. प्रत्येक जण जाताना काहीतरी कुरकुरतो: कुणाचे म्हणणे, बसता आले तेवढे बसून झाले, कुणाचे, इथे आता पूर्वीची शांतता उरली नाही. घरधनी थोरोद सर्वांत शेवटी उठतो, आणि तोही जातो.

तलवार चालत नाही, तिथे समन्स चालते. कारण हे मृत बुद्धिहीन नाहीत. त्यांना घर कळते, मालकी कळते, म्हणून बेदखलीही कळते. आइसलंडमध्ये त्या काळी राजा नव्हता, फौज नव्हती, निकाल अमलात आणणारा शिपाईही नव्हता. कायदा सर्वांनी मानला तरच कायदा. ज्या समाजाचा सारा डोलारा या एका विश्वासावर उभा होता, त्याच्या मृतांनीही तो मानावा, यात थट्टा आहे आणि थट्टेहून खोल असे काहीतरी आहे. रोमेरोच्या झुंडीवर कुणी फिर्याद करून पाहावी!

मात्र उत्तरेचे सगळे मृत असे न्यायप्रिय नव्हेत. ‘ग्रेटिस सागा’ चौदाव्या शतकाच्या आरंभाची. तिचा नायक ग्रेटिर बलाढ्य, उद्धट आणि विनोदी. ग्लाम नावाचा स्वीडिश मेंढपाळ नाताळच्या आदल्या दिवशी उपास मोडतो, डोंगरावर जातो, तिथल्या कुठल्याशा पिशाचाशी झुंजून मरतो आणि ड्राउगर होतो. रात्री तो छपरावर घोड्यावर बसावे तसा बसून टाचा मारतो; घरातली तुळई करकरते. ग्रेटिर त्याला भेटण्याच्या हौसेने तिथे मुक्काम ठोकतो. तिसऱ्या रात्री ग्लाम आत शिरतो, घोंगडीत गुरफटलेला ग्रेटिर त्याला दिसतो आणि दोघे घोंगडी ओढू लागतात. तिचे दोन तुकडे होतात आणि ग्लाम हातातल्या तुकड्याकडे चकित होऊन पाहतो. इथवर हसू आहे. मग बाके मोडतात, चौकट उखडते, दोघे अंगणात कोसळतात. त्याच क्षणी ढगांतून चंद्र बाहेर येतो आणि ग्लामचे डोळे त्यात दिसतात. ग्रेटिर विकल होतो. ग्लाम शाप देतो: तुझे बळ याहून वाढणार नाही, तू परागंदा होशील आणि हे माझे डोळे तुला सदैव दिसत राहतील. ग्रेटिर त्याला मारतो, जाळतो. शाप मात्र फळतो. आइसलंडमधला सर्वांत बळकट पुरुष आयुष्यभर अंधाराला भितो. तो परागंदा म्हणून एकोणीस वर्षे रानोमाळ राहतो, त्याला एकट्याने राहणे भाग असते, आणि नेमके एकटे राहणेच त्याला साधत नाही. म्हणून जे जे सोबतीला येतात त्यांना तो जवळ करतो. त्यांत त्याला मारायला आलेलेही असतात. विनोदी भयकथेत कुठे हसणे थांबवावे, याचा याहून चांगला धडा आम्हांला माहीत नाही. मारलेल्या प्रेताची किंमत मारणाऱ्याकडून वसूल होते.

देवकथांत मृत आहेत, पण त्यांची जात निराळी. ओडिनच्या वालहालात निवडक मृत वीर रोज एकमेकांना तोडतात, संध्याकाळी उठून जेवायला बसतात, आणि त्यांना रोज शिजवला जाणारा रानडुक्कर रोज पुन्हा धडधाकट होतो. स्नोरी स्टुर्लुसन सांगतो की, जगाच्या अंती ‘नागलफार’ नावाचे जहाज येईल, ते मृतांच्या नखांचे बांधलेले असेल. सबब मेलेल्याची नखे कापून मगच त्याला पुरावे, म्हणजे जहाजाला सामान कमी पडेल. प्रलय लांबवण्याचा इतका घरगुती उपाय दुसऱ्या कुठल्या पुराणात असेलसे वाटत नाही. पटकथेला ही सामग्री ठसठशीत; तथापि तिच्यात फ्रोडाच्या शेकोटीची ऊब नाही.

कालांतराने नॉर्वेत ‘द्राउग’ हा शब्द समुद्राकडे वळला. उत्तरेच्या कोळ्यांचा द्राउग म्हणजे बुडून मेलेला आणि पवित्र मातीत पुरला न गेलेला माणूस. तो अर्ध्या फुटक्या होडीतून येतो आणि त्याचे दर्शन म्हणजे मरण. योनास ली या कादंबरीकाराने त्याच्या कथा लिहिल्या, थिओडोर किटेलसनने त्याची चित्रे काढली. याच किनाऱ्यावर एक लोककथा सांगतात. नाताळच्या रात्री एक गडी दारू आणायला होडीघरात जातो. तिथे द्राउग बसलेला दिसतो. गडी त्याला लाथ घालून पळत सुटतो, तर समुद्रातून द्राउगांची सेनाच त्याच्या मागे लागते. दफनभूमी ओलांडताना तो तिथल्या मृतांना हाक घालतो की, उठा आणि मला वाचवा. गावकरी सकाळी जाऊन पाहतात तो सगळीकडे समुद्रशेवाळ आणि शवपेट्यांच्या फळ्या विखुरलेल्या. मातीतल्या मृतांनी पाण्यातल्या मृतांशी रात्रभर मारामारी केलेली. नॉर्वेचे अभ्यासक रेइदार क्रिस्तियानसन यांनी १९५८ साली भटक्या दंतकथांची जी सूची प्रसिद्ध केली, तिच्यात या कथेला स्वतंत्र स्थान दिलेले आहे.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे नॉर्वेचा दिग्दर्शक टॉमी विर्कोला याचा २००९ चा ‘डेड स्नो’ निराळाच दिसू लागतो. वैद्यकीचे विद्यार्थी ईस्टरच्या सुट्टीत उत्तरेतील बर्फाळ डोंगरात जातात. युद्धकाळात या मुलखात हर्झोग नावाच्या अधिकाऱ्याच्या जर्मन तुकडीने लोकांचे सोनेनाणे लुटले, गावकरी उठले, आणि तुकडी डोंगरात पळून गोठून मेली, असे त्यांना सांगण्यात येते. झोपडीच्या जमिनीखाली त्यांना एक पेटी सापडते. त्या रात्रीपासून बर्फातून गणवेशातली प्रेते उठू लागतात. चित्रपटाने झॉम्बीपटाचे कपडे घातले आहेत, रक्ताचा चिखलही तितकाच आहे. आमच्या चवीला तो फार. मार्टिन या तरुणाला चावा बसतो. झॉम्बीपटांत शिकलेला नियम त्याला पाठ आहे, म्हणून तो विष पसरू नये यासाठी स्वतःचा हात करवतीने कापतो. आणि लगेच त्याला भलत्याच ठिकाणी दुसरा चावा बसतो, जिथे तो उपाय करणे अशक्य! प्रेक्षक हसतो. पण या हसण्यात चित्रपटाची खरी मेख आहे. चाव्याने मार्टिन झॉम्बी होत नाही. त्याने चुकीच्या भुताचे नियम लावले होते. या प्रेतांना मांस नको, आपली पेटी हवी आहे. ती परत दिल्यावर हर्झोग थांबतो. मग मार्टिनच्या खिशातून विसरलेले एक नाणे निघते. ओसेबर्गचे टेकाड फोडणाऱ्यांना हा नियम सांगावा लागला नसता.

या कथेतले गोठलेले सैनिक कल्पित आहेत. भूमी कल्पित नाही. नॉर्वे १९४० ते १९४५ या काळात जर्मनीच्या ताब्यात होते. १९४४ च्या शरदात माघार घेताना जर्मन फौजांनी फिनमार्क प्रांत आणि त्रोम्सचा उत्तर भाग जाळून उद्ध्वस्त केला. सुमारे पन्नास हजार लोकांना जबरीने घराबाहेर काढले. ज्यांनी घरे लुटली आणि जाळली तेच मेल्यावर मालकी सांगत यावेत, लुटीलाच आपले धन म्हणावे, या विपर्यासात चित्रपटाची धार आहे. ह्राप आणि कार निदान स्वतःच्या घरावर हक्क सांगत होते.

२०१४ चा पुढचा भाग आइसलंडमध्ये चित्रित झाला. त्यात मार्टिनच्या तुटलेल्या हाताच्या जागी चुकून हर्झोगचाच हात शिवला जातो आणि त्या हाताला मृत उठवण्याची सिद्धी आहे. जर्मन प्रेतांशी लढायला मार्टिन युद्धकाळात मारल्या गेलेल्या सोव्हिएत कैद्यांना उठवतो. नाताळच्या रात्री दफनभूमीला हाक घालणारा गडी तो हाच. परंतु ज्यांना तो हाक घालतो त्यांचा इतिहास लोककथेत बसणारा नाही. जर्मनांनी सुमारे एक लाख सोव्हिएत युद्धकैदी नॉर्वेत आणून रस्ते आणि रेल्वे यांच्या कामाला जुंपले होते. त्यांतले तेरा हजारांहून अधिक तिथेच मेले. हैतीच्या मळ्यातला झॉम्बी आणि हे कैदी यांच्यात मग फारसे अंतर राहत नाही. पुढे १९५१ साली, शीतयुद्धाच्या ऐन भरात, कबरींना भेट देण्याच्या निमित्ताने रशियन हेर उत्तरेत शिरतील या भीतीने नॉर्वे सरकारने त्यांची प्रेते ठिकठिकाणी उकरली, डांबरी पिशव्यांत भरली आणि बोटीने त्यॉता बेटावर नेऊन एकत्र पुरली. या मोहिमेला ‘आस्फाल्ट’ म्हणजे डांबर, असेच नाव पडले. त्यॉताच्या त्या दफनभूमीत साडेसात हजारांच्या आसपास सोव्हिएत कैदी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना नावाचा दगड नव्हता. चित्रपटात हे मृत बर्फातून उठतात, रांगेत उभे राहतात, आणि त्यांचा अधिकारी हर्झोगला ओळखतो.